इवाओ कुसाकाबे का हसला

इवाओ कुसाकाबे जन्मला तेव्हा त्याचा बाप माकुलं पकडायला समुद्रावर गेला होता. परत आल्यावर त्यानं दुपट्यातलं पोर दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, परत खाली ठेवलं आणि बायकोला म्हणाला, "हा बोटीवर चढला तर माकुलं ठेवायची कुठे?" तेवढ्यावरच ठरलं, की हा काही कोळी होत नाही. हामाशिगे गावात कोळी न होणाऱ्या मुलानं दुसरं काय व्हायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा इवाओ नुसताच मोठा होत राहिला.

शाळेत एकदा तो दाराला टेकून उभा राहिला आणि दार चौकटीसकट पलीकडच्या वर्गात गेलं. कवायतीच्या मास्तरांनी त्याला कान धरून ज्युदोच्या दोजोत, म्हणजे तालमीत, नेलं. म्हणाले, "इथे बस. इथे मोडण्यासारखं काही नाही." मास्तरांचा अंदाज थोडा चुकला, कारण पहिल्याच आठवड्यात मास्तरांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पण ते बिछान्यात पडल्या पडल्या सगळ्यांना सांगत राहिले, "पोरात दम आहे."

इवाओला डाव एकच येत असे. समोरच्याची कॉलर धरायची, बाही धरायची, आपल्याकडे ओढायचं आणि उजव्या पायानं मागून टांग मारायची. बस. सगळ्या जपानला हा डाव तोंडपाठ झाला होता. प्रतिस्पर्धी त्यावर उतारे शोधून यायचे, त्यांचे गुरू फळ्यावर बाण काढून समजावायचे, आणि तरी सगळे पाठीवर पडायचे. वादळ येणार हे रेडिओवर आधी सांगतात, म्हणून काही ते माघारी जात नाही. इवाओ लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेता झाला. मुलाखत घ्यायला आलेल्यांना तो "हो" म्हणायचा, "नाही" म्हणायचा, आणि फारच आग्रह झाला तर "भूक लागली" म्हणायचा.

या माणसाची एक खोड मात्र जगाला माहीत नव्हती. त्याला उजव्या काखेखाली, चार बोटांवर, भयंकर गुदगुल्या होत. नुसत्या नव्हेत, तिथे बोट लागलं, की त्याच्या अंगातली सगळी हाडं रजेवर जायची. लहानपणी आई त्याला अंघोळ घालताना दोन शेजारणी धरायला बोलवायची. लग्नाच्या किमोनोचं माप घेताना शिंपी तीनदा पडला. त्याची बायको सानाए हिला हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून त्या घरात कुठलंही भांडण लांबलं नाही. आखाड्यात मात्र ही गोष्ट कधी आड आली नाही. ज्युदोत कॉलर धरतात, बाही धरतात. दुसऱ्याच्या काखेत हात घालायचं कारण कुणाला पडत नाही.

तिसऱ्या वर्षीच्या अंतिम सामन्यात नेझु नावाच्या पोराला ते पडलं. तेही मुद्दाम नव्हे. पोरगा घाबरलेला, हात घामानं निथळत होते. त्यानं इवाओची बाही धरली, ती सटकली, हात वर गेला आणि काखेखालच्या कापडात काहीतरी धरायला सापडतंय का, म्हणून त्याची बोटं चाचपडायला लागली.

इवाओ "खी" असा आवाज करून थांबला. त्यानं दात आवळले, डोळे मिटले, वडील आठवले, शाळेतलं दार आठवलं. मग त्याच्या तोंडावर एक रुंद, प्रसन्न, कान ते कान हसू पसरलं आणि तो हसत हसतच पाठीवर पडला. नेझुनं त्याला पाडलं असं म्हणायचं ते केवळ नियमाप्रमाणे. खरं तर नेझु त्याच्याखाली सापडू नये म्हणून बाजूला झाला होता.

टीव्हीवर ते हसू जवळून दिसलं. सामन्याचं वर्णन करायला ज्युदोतले एक फार म्हातारे गुरुजी बसले होते. त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हरलाय, आणि हसतोय." एवढं बोलून ते माईकसमोरच रडायला लागले.

झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तेच हसू. कुणी लिहिलं, जय-पराजयाच्या पलीकडे गेलेला माणूस. कुणी लिहिलं, मोकळ्या मनाचा आरसा. डोंगरावरच्या एका मठाधिपतींनी त्या हसण्यावर पाच लेख लिहिले आणि सहाव्यात कबूल केलं, की अजून पुरतं कळलेलं नाही. इवाओला विचारलं तेव्हा तो कावराबावरा होऊन म्हणाला, "ते आपोआप आलं." यावर लोक आणखीच गहिवरले. जिंकलेल्या नेझुचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तो पुढे गाडी चालवायला शिकवण्याच्या धंद्यात पडला म्हणतात.

पुढे दोनतीन वर्षांत इवाओनं खेळ सोडला आणि बायकोला घेऊन तो हामाशिगेला परतला. सानाएनं बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर केस कापायचं आणि कुरळे करायचं दुकान टाकलं. इवाओ दारात खुर्ची टाकून बसे, म्हाताऱ्या ग्राहकांच्या छत्र्या सांभाळे. तिथेच त्याला गावच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक होरिउची भेटायला आले. होरिउचींना दोन गोष्टींचं वेड होतं, सुविचारांचं आणि कुंचल्यानं मोठमोठी अक्षरं काढायचं. शाळेच्या प्रत्येक भिंतीवर, अगदी मुताऱ्यांतसुद्धा, काही ना काही उदात्त लिहिलेलं असे.

"कुसाकाबेसान," ते म्हणाले, "आमच्या मुलींच्या ज्युदो संघाला गुरू हवाय. तंत्र कुणीही शिकवील. मला ते हसू हवंय."

इवाओनं सानाएकडे पाहिलं. सानाए एका आजीबाईंच्या केसांना गुंडाळ्या लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "घेऊन जा. इथे दारात उभा राहिला की दुकानात अंधार पडतो."

संघात पाच मुली होत्या. कर्णधार होती चिनात्सु शिओमी. घट्ट वेणी, सरळ पाठ, आणि सगळ्या गोष्टी मनापासून करायची भयानक सवय. ती प्राथमिक शाळेत असताना तिच्या मामानं ती अंतिम लढत टेपवर दाखवली होती, आणि तिनं त्याच दिवशी ज्युदो शिकायचं ठरवलं होतं. सगळ्यात लहान तामाकी. ती चिनात्सु जे करील ते करायची, फक्त थोडं उशिरा.

पहिल्या दिवशी इवाओ दोजोत शिरला तर समोरच्या भिंतीवर होरिउचींनी भलंमोठं लिहून लावलं होतं: "हरताना हसावं." इवाओनं ते वाचलं, घसा खाकरला आणि शिकवायला सुरुवात केली.

"धर," तो म्हणाला. "ओढ. मग, सूंऽऽ. मग धप्प."

मुली वाट पाहत राहिल्या.

"सेन्सेई," चिनात्सुनं विचारलं, "सूं म्हणजे नेमकं काय करायचं?"

इवाओनं खूप विचार केला. "धप्पच्या आधी," तो म्हणाला.

तर असं शिक्षण चाललं होतं. मुलींना डाव कळेना, पण त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती, कारण त्यांच्या मते खरं शिक्षण वेगळंच होतं. सराव संपला, की चिनात्सु सगळ्यांना आरशासमोर उभं करायची. "पडल्यावर ओठ असे," ती सांगायची. "दात दिसू द्यायचे, पण हिरड्या नाही. सेन्सेईंच्या दिसत नाहीत." इवाओला वाटायचं, मुली आपापसात काही थट्टा करताहेत. गावच्या मिठाईवाल्यानं तोवर लाल घेवड्याचं पुरण भरलेले मांजू काढले होते, वर इवाओचं हसू उमटवलेले. वाफेनं ते चेहरे थोडे सुजत, आणि पोटात कळ आलेल्या माणसासारखे दिसत. तरी खपत मात्र चांगले.

मग जिल्ह्याची स्पर्धा आली. तामाकी पहिली उतरली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पडली. पडल्या पडल्या तिनं गोड हसून छताकडे पाहिलं. दुसरी पडली, हसली. तिसरीचा गळा आवळला गेला तरी तिचं हसू ढळेना. पंच धावत आला, त्याला वाटलं पोरगी शुद्धीवर नाही. चौथ्या लढतीला समोरच्या शाळेची धिप्पाड मुलगी जिंकली आणि एकदम रडायला लागली. "ती माझ्याकडे बघून हसतेय," ती आपल्या गुरूंना सांगत होती. "मी काय केलं तिचं?" शेवटी चिनात्सु हरली. तिनं हसून इतकं खोल वंदन केलं, की पंचांनाही उगाच अपराधी वाटलं.

पाचपैकी पाच लढती हरून संघ बाहेर पडला. होरिउची प्रेक्षकांतून डोळे पुसत आले. म्हणाले, "कुसाकाबेसान, आज तुम्ही पाच ठिकाणी हसलात."

त्या दिवशी इवाओ तडक सानाएच्या दुकानात जाऊन बसला. सानाएनं एका आजीबाईंना केस वाळवायच्या टोपाखाली बसवलं होतं. टोपाचा घुंऽऽ आवाज चालू होता, त्यामुळे त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

"जेवलात का?" सानाएनं विचारलं.

"तीनच वाट्या भात गेला."

"मग प्रकरण गंभीर आहे."

इवाओनं झालेलं सगळं सांगितलं. सानाए गुंडाळ्या एकेक सोडवत ऐकत होती. "मग सांगून टाका त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"गुदगुल्या झाल्या म्हणून."

"अगं, सगळं गाव माझे मांजू खातंय."

"खाऊ दे की. पुरण काय तुमच्या हसण्यानं गोड झालंय? अहो, त्या पोरी हरायला शिकल्यात. हरायला काय शिकवणी लागते होय? ते घरबसल्या जमतं."

इवाओला हे पटलं. दुसऱ्या दिवशी तो आधी मुख्याध्यापकांकडे गेला, कारण रीत तशी होती. होरिउची शाई घोटत बसले होते. इवाओ आयुष्यात पहिल्यांदाच एका दमात इतकं बोलला. त्यानं काख दाखवली, चार बोटं मोजून दाखवली, नेझुचे घामेजलेले हात सांगितले.

होरिउचींनी डोळे मिटून घेतले. "गुदगुल्या," ते हळूच म्हणाले.

"हो. इथे."

"आयुष्यानं तुम्हाला गुदगुल्या केल्या."

"नाही. नेझुनं केल्या."

"नेझु म्हणजेच आयुष्य," होरिउची म्हणाले, आणि त्यांनी कुंचला उचलला.

इवाओ बाहेर पडला, आणि दुपारपर्यंत दोजोत जुन्या अक्षरांशेजारी नवा कागद लागलासुद्धा. त्यावर एकच शब्द होता: "गुदगुली." शाई अजून ओघळत होती.

त्या कागदाखाली उभं राहून इवाओनं मुलींना खरं काय ते सांगितलं. मुली गुडघे टेकून ओळीत बसल्या होत्या. त्याचं बोलणं संपलं. मग चिनात्सुनं हात वर केला.

"सेन्सेई, म्हणजे अहंकार जिथे लपलेला असतो, तिथेच जग बोट लावतं, असं का?"

"नाही," इवाओ म्हणाला. "काखेत."

"काख म्हणजे आपण जगापासून झाकून ठेवलेली जागा," चिनात्सुनं बाकीच्यांना समजावलं, आणि तामाकीनं थोड्या उशिरानं मान डोलावली.

इवाओ हताश होऊन खाली बसला. राष्ट्रीय विजेतेपदाच्या दोन ढाली घरात असलेला माणूस, पण साधं खरं बोललेलं पाच मुलींना पटवता येईना. त्यानं तामाकीला दुकानाकडे पिटाळलं. म्हणाला, "बाईंना म्हणावं, जरा इकडे या."

सानाए आली ती कामाच्या एप्रनमध्येच, हातात लांब दांडीचा कंगवा घेऊन, वाटेत तामाकीकडून अहंकाराचं सगळं ऐकत. एका आजीबाईंचं अर्धं डोकं व्हायचं होतं, म्हणून ती घाईत होती. तिनं भिंतीवरचे दोन्ही कागद वाचले, नवऱ्याकडे पाहिलं आणि मुलींना म्हणाली, "नीट बघा हं. मी परत येणार नाही."

"सानाए, हळू," इवाओ म्हणाला.

तिनं कंगव्याची दांडी त्याच्या उजव्या काखेखाली, बरोबर चार बोटांवर, टेकवली.

पहिल्यांदा किटलीला वाफ धरल्यासारखा आवाज आला. मग तो प्रचंड माणूस वितळल्यासारखा खाली बसला, आडवा झाला आणि हसत, केकाटत, "नको, नको" करत लोळायला लागला. लोळत लोळत तो भिंतीशी गेला, तिथली चपलांची मांडणी पाडली आणि परत आला. चेहऱ्यावर तेच हसू, टेपवरचं, वर्तमानपत्रांतलं, मांजूंवरचं. सानाए दांडी धरून त्याच्यामागे शांतपणे चालत होती.

"हे बघा," ती म्हणाली. "अहंकार इथे आहे. इथून थोडा खाली बरगडीपर्यंत जातो." मग तिनं कंगवा एप्रनच्या खिशात टाकला. "मी निघते. बाईंचं डोकं जळेल."

ती गेल्यावर दोजोत फक्त इवाओच्या धापा ऐकू येत होत्या. चिनात्सु उभी राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग जांभळट झाला.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी पाचवीपासून आरशासमोर हसतेय."

"हं," इवाओ जमिनीवरूनच म्हणाला.

"मला हरायला आवडत नाही, सेन्सेई. कधीच आवडलं नाही. मला घरी जाऊन उशी चावावीशी वाटते. आणि मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे, माझं मन कोतं आहे." ती रडायला लागली, आणि आता तिच्या हिरड्याही दिसत होत्या. "तुम्हाला हरल्यावर काय वाटलं होतं? खरं सांगा."

इवाओ उठून बसला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "स्टेशनवर उभ्यानं खायच्या नूडल्सची गाडी होती," तो म्हणाला. "तिथे सहा वाडगे खाल्ले. सहाही वाडग्यांत रडलो. गाडीवाला घाबरून म्हणाला, साहेब, मीठ कमी आहे का माझ्या रश्शात?"

तामाकी फिसकन हसली. तीच आधी हसली, हे त्या संघात नवीन होतं. मग सगळ्याच हसल्या, चिनात्सु रडता रडताच हसली, आणि हसणं सरल्यावर ती तशीच चालत येऊन इवाओची कॉलर धरून उभी राहिली. "परत दाखवा तो डाव," ती म्हणाली. तिला भयंकर राग आला होता. ती ओढायची, टांग मारायची, आणि इवाओ हलायचा नाही. तिचा सगळा राग तोंडावर होता, दात-ओठ खाण्यात, भुवयांत. इवाओ तिच्या पायाकडे बघत होता, आणि त्याच्या डोक्यात आयुष्यात पहिल्यांदा एक आख्खं वाक्य तयार झालं.

"राग तोंडात ठेवू नकोस," तो म्हणाला. "टाचेत ने."

चिनात्सु थांबली. तिनं श्वास घेतला. मग तिनं ओढलं, टाच फिरवली आणि इवाओ कुसाकाबे, त्याला कुणी बोटही न लावता, म्हणजे नको तिथे न लावता, पाठीवर आपटला. खिडक्यांची तावदानं वाजली. चिनात्सु आपल्या पायाकडे परका असल्यासारखी बघत राहिली.

"ते सूं होतं," इवाओ छताकडे बघत म्हणाला. "आणि हे धप्प."

पुढच्या स्पर्धेत हामाशिगेच्या मुलींपैकी एकही हसली नाही. तामाकीनं समोरचीला पाठीवर दाबून धरलं आणि वेळ संपली तरी सोडेना. पंचांनी तीनदा सांगितल्यावर सोडलं, तेही थोड्या उशिरानं. संघ पहिली फेरी जिंकला, दुसरी जिंकला आणि तिसऱ्या फेरीत अगदी थोडक्यात हरला. शेवटची लढत चिनात्सुची होती. हरल्यावर तिनं नियमाप्रमाणे वंदन केलं, रांगेतून बाहेर आली आणि इतक्या मोठ्यानं भोकाड पसरलं, की शेजारच्या मॅटवरची लढत थांबली. इवाओ हाताची घडी घालून तिच्याकडे बघत होता, आणि आपली पोर बोहल्यावर चढताना बघावं तसा त्याचा ऊर भरून आला होता. होरिउची मात्र प्रेक्षकांत खिन्न बसले होते. "एकसुद्धा हसली नाही हो," ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते.

इवाओ त्या शाळेत शिकवत राहिला. त्याची वाक्यं वाढत वाढत चारपर्यंत गेली, आणि मुलींचं म्हणणं पडलं, की चौथं नसतं तरी चाललं असतं. ज्युदो शिकलेल्या मुली पुढे दंतवैद्याकडे नोकरीला लागल्या, बंदरावर लागल्या, एक रुग्णवाहिका चालवते. चिनात्सु कॉलेज करून खाडीपलीकडच्या हायस्कुलात शिक्षिका झाली आणि तिथे तिनं स्वतःचा संघ उभा केला. तिसऱ्याच वर्षी जिल्ह्याच्या अंतिम फेरीत गुरू-शिष्या समोरासमोर आले, आणि चिनात्सुच्या पोरींनी इवाओच्या पोरींना चार विरुद्ध एक असं झोडपून काढलं.

सामना संपल्यावर इवाओ बाकावरून उठेना. सानाए त्याच्या शेजारी बसून भाताचा गोळा खात होती. "अहो, तुमच्याच हाताखाली शिकलेली आहे ती," ती म्हणाली. "आनंद व्हायला पाहिजे."

"म्हणूनच जास्त लागलं," इवाओ म्हणाला. "माझीच टांग आणि मलाच."

तेवढ्यात चिनात्सु समोर आली. आता वेणी नव्हती, केस आखूड कापले होते. पाठ मात्र तशीच सरळ. तिनं खाली वाकून वंदन केलं. "तुमच्यामुळे, सेन्सेई," ती म्हणाली.

इवाओ फुरंगटून उभा राहिला आणि त्यानंही वंदन केलं, तिच्यापेक्षा जास्त खाली, कारण रागावलो तरी मानात काही कमी पडू नये असं त्याला वाटलं. तिथेच त्याची कंबर धरली. तो वाकलेला तसाच राहिला. सगळी जत्रा पाहत होती आणि आधी कुणाला काही वावगं वाटलं नाही. लोक म्हणाले, किती हा शिष्येचा मान. सानाएनं मात्र भाताचा गोळा खाली ठेवला.

"धरली का?"

"धरली," इवाओ जमिनीशी बोलला.

चिनात्सुनं पुढे होऊन त्याचा पट्टा धरला आणि हळूहळू त्याला वर घ्यायला लागली. अर्ध्यावर आल्यावर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघतो तुला."

"बघू, सेन्सेई," ती म्हणाली. "आधी सरळ तर व्हा."